विश्लेषण : ‘मनःपूर्वक आभार’ मनापर्यंत का पोहोचत नाहीत?

‘आपण केलेल्या मोलाच्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार.’ हे वाक्य लग्नातल्या केटररला पाठवता येते, सोसायटीच्या मावळत्या सचिवाला पाठवता येते आणि बायपास करणाऱ्या सर्जनलाही पाठवता येते. तिघांपैकी कोणालाही त्यात काही चुकीचे वाटणार नाही, आणि तिघांपैकी कोणीही ते दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून वाचणार नाही. उलट, निवृत्त शिक्षकांच्या कपाटात एखादे घडीवर फाटत आलेले पत्र वर्षानुवर्षे जपलेले असते, कारण त्यात त्यांच्या एका विशिष्ट तासाचा, एका वाक्याचा उल्लेख असतो. या दोन मजकुरांतला फरक भाषेवरच्या पकडीचा नाही. मग तो कशाचा आहे? गेल्या काही वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचा बऱ्यापैकी बारकाईने अभ्यास केला आहे.

आभार लिहिताना हात का अडखळतो?

शिकागो विद्यापीठातील निकोलस एप्ली आणि टेक्सास विद्यापीठातील अमित कुमार यांचा एक शोधनिबंध २०१८ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी सहभागींना आयुष्यात मदत केलेल्या एखाद्या व्यक्तीला कृतज्ञतेचे पत्र लिहायला सांगितले. पत्र मिळाल्यावर समोरच्याला किती आश्चर्य वाटेल, किती आनंद होईल आणि किती अवघडल्यासारखे होईल, याचा अंदाज लिहिणाऱ्यांकडून घेतला. नंतर पत्र मिळालेल्यांना तेच प्रश्न विचारले.

दोन्ही बाजूंच्या उत्तरांत ठळक तफावत निघाली. लिहिणाऱ्यांनी आश्चर्य आणि आनंद कमी धरला होता, अवघडलेपण जास्त धरले होते. यामागचे कारण अधिक रंजक आहे. लिहिणारा ‘मला नीट शब्दांत मांडता येईल का’ या चिंतेत असतो. वाचणारा मात्र शब्दांची परीक्षा घेत बसत नाही; त्याला त्या पत्रातली आपुलकी आधी दिसते. शुद्धलेखनाच्या किंवा ‘फारच भावनिक होईल का’ या धास्तीने जे संदेश मसुद्यातच राहून जातात, त्यांपैकी बहुतेक पाठवले असते तर समोरच्याला आनंदच झाला असता, असा याचा अर्थ.

एप्ली यांनी शुआन झाओ यांच्यासह केलेल्या आणखी एका अभ्यासात रोज कौतुक केले तर ते गुळगुळीत होते का, हे तपासले. बाहेरून पाहणाऱ्यांना वाटत होते की आठवडाभर रोज एक कौतुकाचे वाक्य ऐकून माणूस कंटाळेल. ऐकणाऱ्यांना तसे वाटले नाही. अर्थात, ती वाक्ये रोज वेगवेगळी होती, हे ध्यानात घ्यायला हवे.

आभारात ‘मी’ किती आणि ‘तुम्ही’ किती?

या विषयातला सर्वात उपयोगी अभ्यास नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील सारा अल्गो आणि सहकाऱ्यांचा आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जोडप्यांतील एकाने दुसऱ्याचे कशाबद्दल तरी आभार मानायचे होते आणि संशोधक ते संभाषण तपासत होते. आभारांत दोन प्रकारची वाक्ये सापडली. पहिला प्रकार स्वतःला झालेल्या फायद्याचा : ‘त्यामुळे माझा वेळ वाचला’, ‘मला निवांत वाटले’. दुसरा प्रकार समोरच्याच्या कृतीचे आणि गुणाचे कौतुक करणारा : ‘तू आठवणीने केलेस’, ‘तू स्वतःहून पुढे आलीस’.

दुसऱ्या प्रकारची वाक्ये जितकी जास्त, तितके ऐकणाऱ्याला ‘याला मी समजले आहे’ असे वाटत होते. आनंद आणि जवळीकही वाढलेली दिसली. पहिल्या प्रकारच्या वाक्यांचा असा संबंध आढळला नाही. त्यांनी काही बिघडले नाही, पण काही जोडलेही गेले नाही. अभ्यास अमेरिकी जोडप्यांचा आहे, त्यामुळे तो जसाच्या तसा आपल्याकडे लावता येणार नाही. तरीही आपल्या मोबाइलमधले आभाराचे जुने संदेश उघडून पाहिले तर बहुतेकांत ‘मला खूप मदत झाली’ याच्या पुढे गाडी गेलेली दिसत नाही. मदत नक्की काय होती आणि ती करताना समोरच्याने काय केले, हे वाक्यातून गळालेले असते.

नेमके लिहायचे म्हणजे काय?

समजा, आई आठवडाभर रुग्णालयात होती आणि आता घरी आली आहे. वॉर्डमधल्या एका सिस्टरना चार ओळी लिहायच्या आहेत. पहिला मसुदा बहुधा असा होतो : ‘आपण केलेल्या सेवेबद्दल आम्ही सर्व कुटुंबीय आपले शतशः ऋणी आहोत.’ यात आई नाही, सिस्टर नाहीत, रुग्णालयही नाही. मग वाटते, थोडे वाढवावे. दुसरा मसुदा : ‘तुम्ही अत्यंत प्रेमळ, कर्तव्यदक्ष आणि हसतमुख आहात. तुमच्या रूपात देवच भेटला.’ विशेषणे वाढली, माहिती तेवढीच राहिली. शिवाय देव म्हटले की माणसाने घेतलेले कष्ट दिसेनासे होतात, हा एक वेगळाच घोटाळा.

आता तिसरा मसुदा पाहा :

‘सिस्टर, आईला सुईची फार भीती वाटते. तिसऱ्या रात्री सलाइन बदलायला आलात तेव्हा तुम्ही आधी तिच्या गावाबद्दल विचारलंत आणि ती बोलायला लागल्यावरच हात हातात घेतलात. त्यानंतर ती रोज संध्याकाळी विचारायची, त्या सिस्टरची पाळी आज आहे का? वॉर्डात एवढी घाई असतानाही तुम्ही पेशंटच्या चेहऱ्याकडे आधी बघता, हे आम्ही पाहिलं.’

यात एकही अवघड शब्द नाही. आधी एक प्रसंग आहे, मग त्याचा झालेला परिणाम आणि सर्वात शेवटी त्यातून दिसलेला गुण. ‘प्रेमळ’ हा शब्द आलाच नाही, पण सिस्टरना तो वाचता येतो. हा क्रमही महत्त्वाचा आहे. गुण आधी सांगितला तर तो प्रमाणपत्रासारखा वाटतो. प्रसंगानंतर आला तर तो पुराव्यासह येतो.

अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर संदेशातली माहिती म्हणजे आधी अंदाज करता न येणारा भाग. ‘मनःपूर्वक’ नंतर ‘आभार’ येणार हे फोनचा कीबोर्डही सांगतो. तिसऱ्या रात्रीची सलाइन त्याला सांगता येत नाही.

शिक्षकांच्या बाबतीत ‘तुम्ही आम्हाला घडवलंत’ हे वाक्य असेच वापरून गुळगुळीत झाले आहे. शिक्षकदिनी, ५ सप्टेंबरला, ते फुलांच्या चित्रासह फिरत असते. त्याऐवजी एखादी साइट इंजिनीअर आपल्या भूमितीच्या बाईंना असे लिहू शकते : ‘नववीत प्रमेय अडलं की तुम्ही उत्तर सांगायचा नाहीत. फक्त विचारायचात, पक्ष नीट लिहिलास का? आजही कामात अडले की मी आधी कोऱ्या कागदावर, दिलेलं काय आहे, तेवढंच लिहिते. निम्म्या वेळा तिथेच सुटतं.’ बाईंनी कदाचित हजारो मुलांना पक्ष, साध्य आणि सिद्धता शिकवले असेल. त्यातले काय, कोणाच्या, किती वर्षे उपयोगी पडले, हे त्यांना कळण्याचा दुसरा मार्गच नाही. गुणपत्रिकेत ते येत नाही.

कार्यालयातही तेच. ‘गुड जॉब, टीम’ या ईमेलने कोणाचे नुकसान होत नाही. पण ‘तू अहवालातल्या तिसऱ्या तक्त्यातली बेरीज पुन्हा तपासलीस आणि चूक बैठकीआधी मला एकट्याला सांगितलीस’ असे लिहिले की सहकाऱ्याला दोन गोष्टी कळतात. बेरीज तपासणे कोणीतरी पाहिले, आणि चारचौघांत न सांगण्याचे सौजन्यही कोणीतरी ओळखले.

प्रसंग आठवतच नसेल तर? मग एक प्रश्न उपयोगी पडतो : ही व्यक्ती त्या दिवशी नसती, तर नेमके काय अडले असते? उत्तर ‘काहीच नाही’ असे आले तर साधे ‘धन्यवाद’ पुरेसे आहे. प्रत्येक मदतीला पत्र लागत नाही.

बाबासाहेबांची प्रस्तावना आणि कामूचे पत्र

नेमक्या आभारांची दोन उदाहरणे इतिहासात नोंदलेली आहेत आणि दोन्ही एकाच दशकातली आहेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ आजारपणाशी झगडत पूर्ण केला. १९५६ मध्ये त्यांनी त्यासाठी प्रस्तावना लिहिली. तिच्यात आपला आजार कोणत्या थराला गेला होता आणि डॉक्टर आपल्याबद्दल विझत चाललेल्या ज्योतीसारखे बोलू लागले होते, हे त्यांनी सांगितले. ती ज्योत पुन्हा पेटली याचे श्रेय त्यांनी डॉक्टर असलेल्या पत्नी सविता आंबेडकर आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्याला दिले. ग्रंथ पुरा झाला तो या दोघांमुळे, असे स्पष्ट म्हटले. मुद्रिते तपासणाऱ्या चिटणीसांचेही त्यांनी नाव घेऊन आणि काम सांगून आभार मानले. इथे ‘अनेकांचे सहकार्य लाभले’ अशी मोघम ओळ नाही. कोणी, काय केले आणि ते झाले नसते तर काय राहिले असते, हे सारे आहे.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. ती पुढे स्वतंत्रपणे छापली गेली. ज्यांच्यासाठी ते शब्द लिहिले होते, त्यांची नावे ग्रंथाच्या पहिल्या वाचकांपर्यंत त्या पानातून पोहोचलीच नाहीत.

दुसरे उदाहरण फ्रेंच लेखक आल्बेर कामू यांचे. अल्जीरियात गरिबीत वाढलेल्या कामूंचे वडील पहिल्या महायुद्धात, १९१४ मध्ये मारले गेले. आईला लिहिता-वाचता येत नव्हते. ती धुणी-भांडी, साफसफाई करून घर चालवायची. प्राथमिक शाळेनंतर मुलाने कामाला लागावे असे आजीचे मत होते. तेव्हा लुई जेर्मां या शिक्षकांनी घरी जाऊन तिचे मन वळवले आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी मुलाला विनामूल्य शिकवले.

१९५७ मध्ये कामूंना साहित्याचे नोबेल जाहीर झाले. महिनाभराने, १९ नोव्हेंबरला त्यांनी जेर्मां यांना पत्र लिहिले. पत्र अगदी छोटे आहे. बातमी कळल्यावर आईनंतर पहिली आठवण तुमची झाली, असे त्यात आहे; एका गरीब पोराला तुम्ही हात दिला नसता, शिकवले नसते, तर यातले काहीच झाले नसते, असेही आहे. पुरस्काराचे महत्त्व फार नाही, पण तुम्ही माझ्यासाठी काय होता हे सांगण्याची संधी त्याने दिली, असे म्हणून कामू थांबतात. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की नोबेल मिळालेला लेखकही इथे शैली दाखवत नाही. नोबेलच्या वेळची आपली भाषणेही त्यांनी पुढे याच शिक्षकांना अर्पण केली. पत्रानंतर सव्वादोन वर्षांच्या आत, ४ जानेवारी १९६० रोजी कामू मोटार अपघातात गेले. जेर्मां यांनी तोवर त्यांना उत्तर पाठवले होते.

घरच्यांना ‘थँक्यू’ म्हटले की परके का वाटते?

‘आभार मानून परकं करू नकोस’ हे वाक्य मराठी घरांत सर्रास ऐकू येते. आईने डबा दिला आणि मुलगा ‘धन्यवाद’ म्हणाला तर ती आधी त्याचा ताप बघेल. ही आपली खोड आहे असे समजायचे कारण नाही. २०१८ मध्ये ‘रॉयल सोसायटी ओपन सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच खंडांतील आठ भाषांमधली रोजची घरगुती संभाषणे तपासली होती. कोणी काही मागितले आणि दुसऱ्याने ते दिले, अशा प्रसंगांत तोंडी आभार मानले गेले ते साधारण वीसांत एकदा. इंग्रजी आणि इटालियन बोलणाऱ्यांत हे प्रमाण त्यातल्या त्यात जास्त होते, तरी तेही सातांत एकदाच्या आसपास. इक्वेडोरमधील चापाला भाषेच्या संभाषणांत तर ते एकदाही आढळले नाही. जवळच्या माणसांत मदत गृहीतच असते. ‘आज तू, उद्या मी’ हा हिशेब न बोलता चालतो.

मात्र आभाराचा शब्द टाळणे वेगळे आणि केलेले न दिसणे वेगळे. घरात ‘धन्यवाद’ खटकते, पण ‘आज भाजीत गूळ घातला होतास ना, लगेच कळलं’ हे खटकत नाही. सासूबाईंना ‘आभारी आहे’ म्हणणारी सून विचित्र वाटेल. ‘तुम्ही बाळाला झोपवताना पाठीवर थोपटता ना, तसं मला जमतच नाही’ असे म्हणणारी वाटणार नाही. आभाराचा शब्द गाळून केलेले नेमके कौतुक ही मराठी घराची जुनी सोय आहे. अवघड होते ते लिहिताना, कारण लेखी मराठीत आपल्याला आभारप्रदर्शनाच्या भाषणाची सवय आहे. ‘ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार’, ‘त्यांच्या ऋणात राहणेच पसंत करू’, आणि मग चहा.

चॅटजीपीटीने लिहून दिले तर?

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या काळात गुगलची एक जाहिरात बरीच गाजली. तिच्यात एक वडील आपल्या लहान मुलीच्या वतीने अमेरिकी धावपटू सिडनी मॅक्लॉफ्लिन-लेव्हरोन हिला पत्र लिहिण्यासाठी ‘जेमिनाय’ची मदत घेतात. मुलीच्या मनातले कौतुक यंत्राने का लिहायचे, अशी टीका झाली आणि गुगलने ती जाहिरात ऑलिम्पिकच्या प्रसारणातून मागे घेतली.

ही नाराजी केवळ भावनिक नव्हती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओहायो स्टेट विद्यापीठातील एका अभ्यासात सहभागींना एका काल्पनिक मित्राचा संदेश दाखवला गेला. मित्राने तो एआयच्या मदतीने लिहिला असे कळल्यावर लोकांना त्याने कमी कष्ट घेतले असे वाटले आणि मैत्रीबद्दलचे समाधानही घटले. गंमत म्हणजे, मित्राने दुसऱ्या माणसाची मदत घेतली असे सांगितले तरी जवळपास तेच झाले. म्हणजे राग यंत्रावर नाही. काम दुसऱ्यावर टाकल्याचा आहे.

यंत्राची अडचण तांत्रिकही आहे. ते सर्वाधिक संभाव्य वाक्य शोधते, आणि सर्वाधिक संभाव्य वाक्य म्हणजे बरोबर ‘मोलाच्या सहकार्याबद्दल’. गुगलने २०१५ मध्ये ईमेलला आपोआप उत्तरे सुचवणारी सोय आणली, तेव्हा सुरुवातीच्या चाचण्यांत ती वाट्टेल त्या ईमेलला ‘आय लव्ह यू’ असे उत्तर सुचवत असे, कारण ते सगळीकडे थोडेथोडे बसते. शुद्धलेखन तपासायला, इंग्रजी पत्राचे व्याकरण सुधारायला एआय वापरण्यात गैर काही नाही. पण तिसऱ्या रात्रीची सलाइन त्याला सांगावीच लागेल, आणि ती सांगून झाली की पत्र जवळपास लिहून झालेलेच असते.

कौतुकाने कोणी अडचणीत येऊ शकते का?

येऊ शकते, आणि याचा विचार फारसा होत नाही. बँकेतल्या कर्मचाऱ्याने किंवा तहसील कार्यालयातल्या लिपिकाने वेळ संपल्यावर कागद घेतला असेल, तर फेसबुकवर त्याच्या फोटोसह ‘नियम बाजूला ठेवून मदत केली’ असे लिहिणे म्हणजे त्याच्याविरुद्ध पुरावा तयार करणे. रुग्णालयातल्या प्रसंगात इतर रुग्णांची माहिती जाऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे.

दुसरा धोका तुलनेचा. ‘बाकीच्या सिस्टर खेकसतात, तुम्ही तशा नाही’ हे वाचून त्या सिस्टरना आनंद होईलच असे नाही. त्यांना उद्या त्याच बाकीच्यांबरोबर पाळी करायची असते. तिसरा धोका कार्यालयातला. वरिष्ठाने ‘रात्री दोन वाजताही तू फोन उचललास’ असे चारचौघांत कौतुक केले की रात्री दोनला फोन उचलणे ही सगळ्यांसाठी अपेक्षा होऊन बसते. तिथे फोन उचलल्यापेक्षा बिघाड कसा शोधला, याचे कौतुक केलेले बरे. आणि आभाराच्या पत्रात शेवटी ‘तसेच माझ्या बदलीचे तेवढे पाहावे’ अशी ओळ आली, की वरचे सगळे शब्द पुसले जातात.

पाठवायचे कोणाला आणि कसे?

जवळच्या माणसासाठी माध्यम गौण आहे. व्हॉट्सॲप चालते, फक्त ग्रुपवर न टाकता वेगळे पाठवावे, कारण ग्रुपवर त्याखाली पंधरा अंगठे येतात आणि संदेश वर सरकून जातो. मोठ्या माणसांना कागद आवडतो. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहभागींनी ज्यांचे कधी नीट आभार मानले नव्हते अशा व्यक्तीला पत्र लिहून ते स्वतः नेऊन द्यायचे होते. त्याने पत्र लिहिणाऱ्यांचे समाधान वाढले आणि हा परिणाम महिनाभर टिकला. तीन महिन्यांनंतर मात्र तो उरला नाही. संशोधन प्रामाणिक असले की असे पाय जमिनीवर आणते.

सार्वजनिक सेवेतल्या माणसांचे प्रकरण निराळे आहे. एसटीचे वाहक, रेल्वेतले तिकीट तपासनीस, सरकारी दवाखान्यातल्या परिचारिका, आशा सेविका, पोस्टमन यांच्याबद्दल वरिष्ठांकडे लेखी जाते ती बहुतेक तक्रार. चांगले काम तोंडी राहते. त्यामुळे अशा वेळी एक पत्र त्या व्यक्तीला आणि तेच पत्र आगारप्रमुख, वैद्यकीय अधीक्षक किंवा मुख्याध्यापकांना असे दोन ठिकाणी पाठवावे. रेल्वेच्या ‘रेलमदद’ सुविधेत तक्रारीखेरीज चांगला अनुभव नोंदवण्याचीही सोय आहे. वरिष्ठांना जाणाऱ्या पत्रात भावना कमी आणि तपशील जास्त असावा : तारीख, वेळ, गाडी किंवा वॉर्डचा क्रमांक, घडलेला प्रसंग दोन-तीन वाक्यांत. नाव माहीत नसेल तर अडत नाही. तिकिटावरचा बस क्रमांक किंवा ‘अमुक तारखेची रात्रपाळी’ एवढे लिहिले तरी हजेरीपत्रकावरून माणूस सापडतो. तिकीट मात्र फेकून देण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवायला हवा.